चाळिशीनंतरची डोंगरवाट

कर्जत-खालापूरकडे नुसते 'ठाकुरवाडीला जायचे आहे' म्हटले तर रिक्षावाला विचारतो, कोणत्या? डोंगराच्या पायथ्याला ठाकर बांधवांची वस्ती असली की तिचे नाव बहुधा हेच. बोरघाटातून 1863 साली सुरू झालेल्या रेल्वेमार्गावरच्या एका ठाण्यालाही हेच नाव आहे. आम्ही जिथून धावायला लागतो ती अशीच एक वाडी. आम्ही पाच जण आहोत, वय पंचेचाळीस ते अठ्ठावन्न. त्यात एक शिक्षिका, एक परिचारिका, बाकीचे कार्यालयात खुर्चीवर बसणारे. रविवारी पहाटेची कर्जत लोकल, पुढे टमटम, आणि उजाडता उजाडता पायवाट.

सुरुवातीला लाज वाटली, हे सांगायला हवे. आमच्यातल्या एकाच्या आईने विचारले, "कुणी मागं लागलंय का तुझ्या?" तिची उभी हयात मोळ्या वाहण्यात आणि मैलोन् मैल मजुरीला जाण्यात गेली, विनाकारण घाम गाळणे तिला पटणार कसे? बारामतीकडच्या लता करे साठी ओलांडल्यावर नऊवारीत, अनवाणी शर्यत धावल्या, त्या नवऱ्याच्या उपचाराच्या पैशांसाठी. आपल्या माणसांचे धावणे बहुतेक वेळा असेच गरजेचे राहिले. आपल्या पिढीला शिक्षणाने खुर्ची मिळाली आणि तिच्याबरोबर साखर, रक्तदाब आणि सुटलेले पोटही मिळाले. म्हणून मौजेखातर धावणे हा आम्हाला चैनीचा नव्हे, हक्काचा विषय वाटतो.

डांबरी रस्त्यावर प्रत्येक पाऊल जवळजवळ सारखे पडते, त्यामुळे त्याच सांध्यावर तोच ताण हजारो वेळा येतो. डोंगरवाटेवर कधी दगड, कधी मूळ, कधी मुरूम, त्यामुळे पाऊल दर वेळी वेगळे पडते. घोट्याभोवतीचे लहान स्नायू आणि तोल सांभाळणारी यंत्रणा जागी राहते. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात, पाळी गेल्यावर बायकांची हाडे लवकर विरळ होतात. दोन्हींना अंगाचा भार पेलणारा व्यायाम मानवतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम किंवा 75 मिनिटे जोराचा व्यायाम सांगते. आमचा एक रविवार त्यातला मोठा वाटा उचलतो. बाकी दिवस चालणे.

आणि चढावर चालायचेच! मुरलेले डोंगरधावपटूही उभ्या चढाला चालतात, हे कळल्यावर आमच्यातल्या दोघींचा अर्धा संकोच गेला. धाप किती लागावी? सोबत्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी फार वाढत नाही, म्हणून घड्याळातल्या आकड्यापेक्षा ही बोलण्याची कसोटी बरी. उतारावर पावले आखूड टाकावीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतारामुळेच, चढामुळे नव्हे. ते आपोआप ओसरते.

खरी मौज मात्र या हिशेबात बसत नाही. भाद्रपदात तेरड्याने गुलाबी झालेला उतार, उल्हास नदीच्या खोऱ्यात साचलेले धुके, घाटातून चढणाऱ्या गाडीचा दूरवरून येणारा आवाज. पाय कुठे ठेवायचा एवढेच मनात उरते आणि आठवडाभराची कटकट कुठे गेली ते कळत नाही. कधी आम्ही कोंडिवड्याहून कोंढाण्याच्या लेण्यांपर्यंत जातो. त्या चैत्यापुढे दम घेत बसलो की भिक्खूंच्या चंक्रमणाची आठवण निघते. चालण्याच्या लाभांत निरोगीपणा आणि चांगले पचन अंगुत्तर निकायातही मोजले आहे.

सुरुवात करण्याआधी रक्तदाब, साखर आणि हृदय डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या दिवसाच्या मात्रेबद्दल विचारावे आणि खिशात साखर ठेवावी. मधुमेहींनी घरी आल्यावर तळवे उजेडात पाहावेत, फोड आला तरी जाणवत नाही. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर यांपैकी काही झाले तर तिथेच थांबावे, 'एवढा चढ संपवू' म्हणू नये. साप चावला तर बांधू नये, कापू नये. तो अवयव न हलवता सरकारी रुग्णालय गाठावे. रेल्वेच्या रुळांवरून जाणे तर सोडूनच द्यावे. आणि मुसळधार पावसात या उतारांवर जाऊच नये. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, ती ठाकरांचीच वाडी होती.

वाडीतून जाताना आम्ही धावत नाही, चालतो. अंगणे लोकांची आहेत, वाटाही त्यांच्याच पायांनी पडलेल्या. न विचारता फोटो नाही, कचरा परत पिशवीत, चहा-भाकरी तिथेच पैसे देऊन. गेल्या खेपेला चढावर आम्ही कमरेवर हात ठेवून उभे होतो, तेव्हा डोक्यावर मोळी घेतलेल्या एक मावशी अनवाणी बाजूने वर गेल्या. वळून म्हणाल्या, "बसा जरा, पानी हाय का?" आमच्याकडे होते. त्यांनीही दोन घोट घेतले आणि आमच्या आधी माथ्यावर पोचल्या.