जर्मनीला जायचंय? आधी व्हिसाचं नाव बघा, मग पैसे भरा

बेळगाव : ‘जर्मनीत ९० हजार नोकऱ्या, भाषेची अट नाही, तीन महिन्यांत व्हिसा’ असे मेसेज मोबाइलवर फिरत असतात. त्यातला ९० हजारांचा आकडा खोटा नाही, पण त्याचा अर्थ फिरवलेला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीतल्या जर्मन उद्योगांच्या परिषदेत पंतप्रधानांनी एक घोषणा केली होती. भारतीय कुशल कामगारांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचा निर्णय जर्मनीने घेतला आहे, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे हा आकडा व्हिसाचा आहे, नोकऱ्यांचा नाही. व्हिसा मिळण्याच्या अटी होत्या तशाच आहेत, आणि त्या प्रत्येकाच्या हातातल्या कागदांवर ठरतात.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, त्याचंही असंच होतं. करार दोन सरकारांमधला आहे. त्यामुळे कुणाची परीक्षा किंवा कुणाची अट माफ झालेली नाही.

सध्या सगळ्यात जास्त विकलं जातं ते ‘अपॉर्च्युनिटी कार्ड’. हे १ जून २०२४ पासून सुरू झालं. काही एजंट त्याला सरळ ‘जॉब कार्ड’ म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. हे कार्ड म्हणजे नोकरी नव्हे. जर्मनीत जाऊन जास्तीत जास्त एक वर्ष नोकरी शोधायची ती परवानगी आहे. त्या काळात आठवड्याला सरासरी २० तास अर्धवेळ काम करता येतं आणि एखाद्या कंपनीत दोन आठवड्यांपर्यंत चाचणी म्हणून राबता येतं. वर्षात योग्य नोकरी लागली तर त्या नोकरीच्या नियमांनुसार वेगळा परवाना घ्यावा लागतो. नाही लागली, तर परत यायचं.

कार्ड मिळायला आधी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे पदवी, नाहीतर किमान दोन वर्षांचं सरकारमान्य व्यावसायिक शिक्षण. दुसरी म्हणजे जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२ पातळीचं प्रमाणपत्र. इथे आयटीआयवाल्यांनी थांबून नीट बघावं. टर्नर, फिटर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत, पण वेल्डर एक वर्षाचा. नुसत्या वेल्डरच्या प्रमाणपत्रावर ही अट पूर्ण होत नाही, मग हात कितीही सफाईदार असो. पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा असेल तर कालावधीचा प्रश्न येत नाही.

त्यानंतर गुणांचा हिशेब. किमान सहा गुण लागतात. उद्यमबागेतल्या एखाद्या मशीन शॉपमधला टर्नर घ्या. वय २९, आयटीआय झाल्यापासून त्याच कामात सहा वर्षं, जर्मन ए-२. पस्तिशीच्या आत असल्याचे दोन गुण, गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव असल्याचे तीन, ए-२ चा एक. झाले सहा. आता तोच मुलगा तीन वर्षं काम केलेला असेल तर अनुभवाचे दोनच गुण मिळतात आणि बेरीज पाचावर अडते. पण त्याने बी-१ केलं तर भाषेचे दोन गुण होतात आणि गाडी पुन्हा सहावर येते. म्हणजे एजंट ज्या एका गुणासाठी ‘सेटिंग’चे पैसे मागतो, तो गुण भाषेच्या वर्गात बसून मिळतो. बी-२ केलं तर तीन. भाषा येत नसेल तर गुण मिळवून गेलेल्यालाही तिथला फोरमन काय सांगतोय ते कळणार नाही, ही गोष्ट वेगळीच.

अनुभवाच्या बाबतीत आपल्याकडची खरी अडचण कागदाची. फाउंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये अनेक जण ठेकेदाराच्या हजेरीवर असतात. काम केलेलं असतं, पण पत्र नसतं. पीएफचा उतारा, पगार जमा झालेलं बँक पासबुक, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत नेमकं कोणतं काम केलं याचं लेटरहेडवरचं पत्र, हे नोकरी सोडायच्या आधीच मिळवलेलं बरं. नंतर मालकाच्या दारात खेटे घालावे लागतात.

आता पैशाचं. २०२५ च्या नियमाप्रमाणे अपॉर्च्युनिटी कार्डसाठी महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो तुमच्याकडे आहेत हे दाखवावं लागतं. युरो शंभर रुपयांचा धरला तर १३ लाखांच्या वर. ही रक्कम साधारणपणे ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये ठेवतात. खातं तुमच्याच नावाचं असतं, आणि तिकडे पोचल्यावर त्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कम तुम्हालाच खर्चाला मिळते. व्हिसा नाकारला तर खात्याचं सेवाशुल्क वजा जाता पैसे परत येतात. थोडक्यात, ही ठेव आहे, फी नाही. ‘जर्मनीचं पॅकेज १६ लाख’ असं कुणी सांगितलं तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, की यातली ठेव किती, आणि ती कुणाच्या नावावर? व्हिसाची सरकारी फी ७५ युरो आहे. पदवीच्या मूल्यांकनाला तिथल्या सरकारी कार्यालयाची फी २०८ युरो. आरोग्य विमा, भाषेची परीक्षा, भाषांतरं, विमानाचं तिकीट हे धरलं तरी ठेव सोडून खर्च किती येतो, तो ज्याचा त्याने कागदावर मांडून बघावा. उरलेली रक्कम कुणाची, ते आपोआप कळेल.

घरच्यांनी आणखी एक बेरीज करायला हवी. ठेवीचे १३ लाख शेताच्या उताऱ्यावर किंवा दागिन्यांवर उचलले आणि व्याज १२ टक्के धरलं, तर महिन्याला १३ हजार नुसतं व्याज होतं. तिकडे मुलगा अजून नोकरी शोधतोय आणि खात्यातून मिळणारी रक्कम त्याच्या खोलीभाड्यात आणि जेवणात जातेय. जर्मनीत जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. आठवड्याला २० तास म्हणजे कपातीआधी २७८ युरो. ते काम मिळालं तर हातभार लागतो, पण पहिल्या आठवड्यापासून मिळेलच असं कुणी सांगू शकत नाही.

आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांना न सांगितली जाणारी पुढची पायरीही आहे. कार्डावर पोचल्यावर पूर्ण वेळची कुशल नोकरी घ्यायची तर साधारणपणे शिक्षणाला जर्मन मान्यता लागते. मान्यता नसेल आणि किमान दोन वर्षांचा अनुभव असेल तर दुसरा रस्ता आहे, पण त्यात पगाराची अट येते. २०२५ मध्ये ती वर्षाला ४३,४७० युरो होती. सामूहिक वेतनकरार पाळणाऱ्या कंपनीत यात सवलत मिळू शकते. मालक नोकरी द्यायला तयार आहे, पण पगार त्या आकड्याला पोचत नाही, असं होऊ शकतं. त्यामुळे जाण्याआधीच मान्यतेचा अर्ज टाकणं हा कंटाळवाणा, पण शहाणपणाचा मार्ग. मान्यता अर्धवट मिळाली तरी तिचे चार गुण धरले जातात.

पदवीधरांचं गणित सोपं आहे. विद्यापीठ आणि अभ्यासक्रम जर्मनीत ग्राह्य आहे का, ते ‘अनाबिन’ नावाच्या सरकारी यादीत फुकट बघता येतं. व्हीटीयूच्या इंजिनिअरांनी सगळ्यात आधी तेच करावं. पदवी ग्राह्य असेल आणि इथूनच नोकरीचा करार हातात असेल तर अपॉर्च्युनिटी कार्डच्या वाटेला जायचं कारणच नाही. ‘ईयू ब्लू कार्ड’ मागावं. त्याला २०२५ मध्ये वर्षाला ४८,३०० युरो पगाराची अट होती. टंचाईच्या व्यवसायांत आणि नुकत्याच पदवी घेतलेल्यांना ती ४३,७५९.८० युरो. हे आकडे दर जानेवारीत बदलतात. ब्लू कार्डवर २७ महिन्यांनी, आणि जर्मन बी-१ असेल तर २१ महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. आयटीतल्या अनुभवी लोकांना पदवी नसली तरी काही अटींवर ब्लू कार्ड मिळतं.

नर्सिंगवाल्या मुलींनी मात्र या दोन्हींच्या मागे न लागता मान्यतेचा रस्ता धरावा. जीएनएम असो की बीएस्सी, तिथल्या राज्याने मान्यता दिल्याशिवाय नर्स म्हणून पूर्ण पगार नाही. तोपर्यंत सहायक म्हणून काम आणि त्या हुद्द्याचा पगार. भाषेची पातळी बहुतेक ठिकाणी बी-२ लागते. जर्मन सरकारी संस्थांच्या ‘ट्रिपल विन’ कार्यक्रमात नर्सकडून भरतीची फी घेतली जात नाही, खर्च नोकरी देणारं रुग्णालय करतं. ज्या घरात लेकीच्या भरतीसाठी पाच-सहा लाख मोजायची तयारी चाललीय, तिथे हे वाक्य दोनदा वाचावं.

बारावी झालेल्यांसाठी ‘आउसबिल्डुंग’, म्हणजे कंपनीत काम करत शिकणं. त्यासाठी कंपनीचा करार आणि साधारण बी-१ जर्मन लागतं. शिकत असतानाच महिन्याला पैसे मिळतात. २०२५ मध्ये सुरुवात करणाऱ्यांसाठी पहिल्या वर्षाचं कायदेशीर किमान विद्यावेतन ६८२ युरो होतं. तेवढ्यात भागत नाही, म्हणून कमी पडणारी रक्कम आधी दाखवावी लागते.

आणि शेंगेन टुरिस्ट व्हिसा? तो ९० दिवसांचा. त्यावर काम करता येत नाही. ‘आधी टुरिस्टवर जा, तिकडे बदलून देऊ’ असं सांगणाऱ्याकडून मुकाट्याने उठून यावं.

अर्ज कुठे करायचा, यात सीमाभागाची नेहमीची गंमत आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीत राहणाऱ्यांचा अर्ज बेंगळुरूच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातो. हाकेच्या अंतरावरच्या चंदगडचा मुंबईकडे, आणि गोव्याचाही मुंबईकडे. मतदान कार्डावरचा पत्ता एकीकडे आणि मुक्काम पुण्यात किंवा पणजीत, असं असेल तर प्रत्यक्ष राहता त्या ठिकाणचा पुरावा लागतो. भाडेकरार त्यासाठी जपून ठेवा.

नावांचा घोळही इथलाच. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, जन्मदाखला कन्नडमध्ये, गुणपत्रिका इंग्रजीत. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे वडिलांचं नाव मधे, तिसरीकडे आडनावात एक अक्षर जास्त. गावाचं इंग्रजी नावही जुन्या कागदांवर ‘बेलगाम’ आणि २०१४ नंतरच्या कागदांवर ‘बेळगावी’. गावाच्या नावाचा खुलासा एका पत्रात होतो, पण माणसाच्या नावातला फरक पासपोर्टशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. हे काम भाषेचा वर्ग लावाल त्याच दिवशी सुरू करा.

अर्ज आता जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भरता येतो. कुणाची मदत घ्यायची तर जरूर घ्या, पण लॉगिन, ईमेल आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा, आणि जोडलेली प्रत्येक फाईल उघडून बघा. खोटं अनुभवपत्र एजंटने जोडलं तरी अर्जावर सही तुमची असते. पूर्वी व्हिसा नाकारला तर दूतावासाकडे फुकट फेरविचार मागता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली आहे. आता नकार आला तर बर्लिनच्या न्यायालयात जायचं, नाहीतर नव्याने अर्ज करून ७५ युरो पुन्हा भरायचे.