पवनेच्या पाण्यावरची कवायत

समुद्राचे दर्शनही न होणाऱ्या सह्याद्रीच्या माथ्यावर जहाजविद्येचे शिक्षण मिळावे, ही मावळची एक गंमतच म्हटली पाहिजे. लोणावळ्यास १९४५ पासून नौदलाची ‘शिवाजी’ ही संस्था नाविकांना यंत्रविद्या शिकवीत आली आहे, आणि इंदुरीस व्यापारी जहाजांवरील अधिकारी घडविणारी तोलानी संस्था उभी आहे. परंतु बेडशाची लेणी ज्या खोऱ्यात कोरली गेली, त्याच खोऱ्यातील पवना धरणाच्या जलाशयावर उतारूंना फिरविणाऱ्या नावाड्यांचे शिक्षण बहुधा थोरल्या भावाच्या बोटीतच होते. म्हणूनच नौदलातून निवृत्त झालेले, सर्वजण ‘काका’ म्हणतात असे एक गृहस्थ त्यांना आपत्प्रसंगाची कवायत शिकविणार आहेत असे कळताच मी मुद्दाम काठावर जाऊन बसलो.

आरंभ जीवरक्षक जाकिटांपासून झाला. ‘आहेत ना?’ या प्रश्नास सर्वांनी एकमुखाने होकार दिला. पण ‘मग काढा’ असा हुकूम होताच असे दिसून आले की, उन्हाने रंग उडू नये म्हणून ती गोणीत घालून, गोणीचे तोंड सुतळीने आवळून फळीखाली सारलेली आहेत. गाठ सुटेपर्यंत काका शांतपणे मनगटावरील घड्याळ पाहत राहिले. पुढे पट्टे न बांधता एकास पाण्यात उतरविले, तेव्हा जाकीट तेवढे कानापर्यंत वर आले आणि तो हनुवटीपर्यंत खाली गेला. धरणाच्या गोड्या पाण्यात शरीर समुद्रातल्यापेक्षा किंचित कमीच तरंगते, हे त्या पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही नवीन होते.

खरी अडचण मात्र पुढे, आवाजाची निघाली. लहान बोट पाण्याने भरण्यापूर्वीच माणसांच्या हालचालीने उलटू शकते. बसलेले उतारू उभे राहिले की भार वर चढतो, आणि घाबरून सर्वजण एका अंगास धावले की ती कलंडते. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन गटारी अमावास्येस, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळात बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली. लाटेने बोट कलताच उतारू एका बाजूस धावले, असे त्या प्रसंगाविषयी सांगितले जाते. तेव्हा अशा क्षणी नावाड्याने काय म्हणावे, असे विचारता एक तरुण नम्रपणे म्हणाला, “साहेब, जरा बसून घेता का?” काका म्हणाले, “ही झाली अर्जी. मला हुकूम पाहिजे.” पाहुण्यांपुढे अदबीने वागण्याची सवय जडलेल्या त्या मुलांच्या कंठातून “बसा! जागचं कोणी हलू नका!” हे शब्द खणखणीत निघेपर्यंत बराच वेळ गेला, आणि माझ्या मते त्या दिवसाचे अर्धे शिक्षण तेवढ्यातच होते.

मग पाण्यात पडलेल्या माणसाच्या ऐवजी एक रिकामे पिंप टाकण्यात आले. एकाने तर्जनी रोखून त्याच्याकडे दाखवीत राहायचे, नजर क्षणभरही ढळू द्यायची नाही. दुसऱ्याने वळसा घेऊन जवळ यायचे आणि पंखा फिरायचा थांबवूनच हात पुढे करायचा. पहिल्या फेरीस दाखविणाराच सुकाणूकडे वळून पाहू लागला, आणि वाऱ्याच्या लहरींत ते निळे पिंप, काठावरून स्पष्ट दिसत असूनही, बोटीतील कोणासच सापडेना.

१८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेली ‘नीलकमल’ ही उतारूंची बोट नौदलाच्या वेगवान बोटीच्या धडकेने बुडाल्यानंतर मुंबईच्या गेटवेवर प्रत्येक उतारूस जाकिटाची सक्ती झाली, हे काकांनी सांगितले, तेव्हा मागच्या रांगेतून प्रश्न आला:

“काका, गिऱ्हाईक म्हणालं, फोटो खराब दिसतो, नाही घालत, तर?”

“बोट सोडायची नाही.”

“अन् ते शेजारच्या बोटीत बसलं तर?”

काका थोडे थांबले. “शेजारच्या बोटीवाल्यालाही पुढच्या वर्गास घेऊन ये,” असे म्हणून त्यांनी पेट्रोलच्या आगीवर पाणी का ओतू नये याचा धडा सुरू केला.