विश्लेषण : पणजीतील एका घरासाठी नऊ सह्या का लागू शकतात?

मांडवीचा काठ, मिरामारचा किनारा आणि फोंतेन्हासमधील पिवळ्या-निळ्या घरांची रांग यांमुळे पणजीत आपलेही एक घर असावे, असे अनेकांना वाटते. मुंबई-पुण्यातील खरेदीदारांना तर हे शहर हाकेच्या अंतरावरचे. मात्र जी पोर्तुगीज राजवट या घरांच्या खिडक्या-सज्ज्यांत दिसते, तीच त्यांच्या कागदपत्रांतही टिकून आहे. ती न समजल्यास आयुष्याची पुंजी वर्षानुवर्षे न्यायालयात अडकू शकते.

इतिहासाचा खरेदीखताशी काय संबंध?

गोव्यावर १५१० पासून पोर्तुगीजांची सत्ता होती. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. सत्ता गेली, पण १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गेली नाही. मुक्तीनंतर संसदेने १९६२ मध्ये केलेल्या कायद्याने तेथील जुने कायदे पुढे चालू ठेवले. खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी संहिता आणली, गोव्यात मात्र विवाह आणि मालमत्तेबाबत जुन्याच संहितेची चौकट राहिली. वारसाहक्काच्या तरतुदी आता २०१२ च्या गोवा कायद्यात आहेत. तो २०१६ मध्ये लागू झाला, तरी त्याचे मूळ तेच आहे. हे नियम हिंदू, ख्रिस्ती, मुस्लिम अशा सर्व गोमंतकीयांना लागू होतात.

नऊ सह्यांचे गणित काय?

विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर गोव्यात पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. त्यात विवाहाआधीची आणि वारशाने आलेली मालमत्ताही येते. त्यामुळे कागदावर एकट्या पतीचे नाव असले तरी स्थावर मालमत्ता विकण्यासाठी पत्नीची संमती लागते.

समजा, घरमालकाचे निधन झाले. मागे पत्नी आणि चार विवाहित मुले आहेत. निम्मे घर पत्नीचे आधीपासूनच असते. उरलेल्या निम्म्याचे चार वाटे होतात, म्हणजे प्रत्येक मुलाला किंवा मुलीला एक-अष्टमांश. या एक-अष्टमांशात सून किंवा जावई अर्ध्याचे भागीदार. पत्नी, चार मुले आणि त्यांचे चार जोडीदार मिळून सह्या झाल्या नऊ. त्यातील एक लिस्बनला आणि दुसरा लंडनला असला, तरी सही किंवा वैध मुखत्यारपत्र हवेच. एक सही राहिली, तर तो हिस्सा खरेदीदाराकडे येत नाही आणि पुढे दावा उभा राहू शकतो.

‘वडिलांनी मृत्युपत्रात घर मलाच दिले’ हे विक्रेत्याचे म्हणणेही पुरेसे नसते. मुले असताना मृत्युपत्राने साधारणपणे आपल्या वाट्याचा अर्धाच भाग मनासारखा देता येतो. उरलेला अर्धा कायदेशीर वारसांसाठी राखीव असतो. म्हणून वारस कोण हे ठरवणारा नोंदणीकृत दस्त किंवा वाटणी निश्चित करणारा न्यायालयाचा ‘इन्व्हेंटरी’ आदेश मागणे आवश्यक ठरते.

सातबारा नाही, मग काय पाहायचे?

गावांत ‘एक-चौदाचा उतारा’ आणि शहरी भूमापनाच्या हद्दीत ‘फॉर्म डी’ मिळतो. सातबाऱ्याप्रमाणेच हे उतारे म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. मालकीची साखळी शोधण्यासाठी जुन्या जमीन नोंदणी कार्यालयातील पोर्तुगीज नोंदींपर्यंत जावे लागते. त्या नोंदींचा मजकूर पोर्तुगीजमध्ये असतो. त्यामुळे भाषांतर आणि स्थानिक वकील या दोन्ही खर्चांची तयारी हवी.

हा खर्च वाचवणे महागात पडू शकते. परदेशी स्थायिक झालेल्यांच्या आणि बेवारस भासणाऱ्या मालमत्ता जुन्या तारखांचे बनावट दस्त करून लाटल्याच्या तक्रारी वाढल्या. त्यामुळे गोवा सरकारने २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमले आणि त्यानंतर निवृत्त न्यायमूर्तींचा चौकशी आयोगही स्थापन केला.

घर विक्रेत्याचे, पण जमीन कोणाची?

गोव्यात अनेक जमिनी ‘कोमुनिदाद’ या पारंपरिक ग्रामसंस्थेच्या आहेत. पोर्तुगीजांच्याही आधीपासून चालत आलेल्या या संस्थेची जमीन परस्पर विकता येत नाही. दुसरा प्रश्न मुंडकाराचा. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. त्याला हुसकावता येत नाही आणि घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्कही त्याला आहे. आवारात कोपऱ्यात एखादे छोटे घर दिसले, तर तेथे कोण आणि कोणत्या नात्याने राहते, हे विचारलेच पाहिजे.

मोकळा भूखंड असेल तर बिगरशेती वापराची सनद तपासावी. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्यास विकण्यावर २०२३ च्या कायद्याने बंधने आली आहेत. जमिनीच्या वापरातील बदलाचा कागद कोणत्या तरतुदीखाली मिळाला, हेही पाहावे. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खालील नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्दबातल ठरवले आहेत.

समुद्र दिसतो, पण बांधता येते का?

किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार शहरी भागात साधारणपणे विद्यमान रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडील बाजूसच नवे बांधकाम करता येते. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत विकासाला मनाई असते. भरतीचे पाणी आत येत असल्याने नदीकाठालाही नियम लागू होतात. जुने घर अधिकृत असेल, तरच दुरुस्तीचा मार्ग मोकळा होतो. केवळ घरपट्टीची पावती बांधकाम कायदेशीर असल्याचे सिद्ध करत नाही. फोंतेन्हाससारख्या वारसा भागात घराचे दर्शनी रूप बदलण्यावरही निर्बंध आहेत.

सदनिका घेणे सोपे का?

तुलनेने सोपे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरील किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या नव्या प्रकल्पाची गोवा ‘रेरा’कडे नोंदणी लागते. पण बिल्डरने ज्यांच्याकडून जमीन घेतली, त्यांच्या सह्या तपासण्यापासून सुटका नाही.

इसार देण्यापूर्वी काय करावे?

विक्रेत्याचा वंशवृक्ष आणि प्रत्येकाच्या विवाहाचा दाखला मागावा. परदेशातून आलेले मुखत्यारपत्र तेथे रीतसर प्रमाणित झाले आहे का आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागला का, ते पाहावे. विक्रेता अनिवासी असेल, तर निवासी विक्रेत्यासाठीची एक टक्का करकपात पुरत नाही. जास्त दराने कर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदारावरच येते. इसार सर्व सहमालकांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी सही केलेल्या करारावरच द्यावा. ‘उरलेल्या सह्या नंतर आणून देतो’ असे उत्तर मिळाले, तर पैसेही नंतरच द्यावेत.