जुनी मोटारसायकल आणि राज्याची सीमा

‘पाण्यात म्हैस, वर मोल’ ही म्हण जनावरांच्या बाजारातली खरी. पण जुन्या मोटारसायकलीच्या व्यवहारालाही ती तंतोतंत लागू पडते. लांबच्या प्रवासाची हौस असलेल्या विद्यार्थ्याला नवी बुलेट किंवा हिमालयन सहसा परवडत नाही. साहजिकच तो वापरलेली गाडी शोधू लागतो. गाडी परराज्यातली असेल, तर व्यवहार अधिकच गुंतागुंतीचा होतो.

उदाहरणादाखल वांकिडी घेऊ. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे तेलंगणातील गाव २०१६ पासून आसिफाबाद जिल्ह्यात आहे. आपल्याकडे निपाणी-कागल, तसे तिकडे वांकिडी-राजुरा. नातीगोती सीमेच्या दोन्ही बाजूंना. समजा, वांकिडीच्या एखाद्या तरुणाला चंद्रपूरकडे ‘एमएच ३४’ क्रमांकाची गाडी पसंत पडली. त्याने काय पाहावे?

प्रथम गाडी. इंजिन थंड असतानाच ती सुरू करून पाहावी; विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असेल, तर सुरू होण्यातला दोष कळत नाही. निळसर धूर म्हणजे इंजिनात ऑइल जळते आहे. इंजिन खोलण्याचा खर्च गृहीत धरावा. काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याची खूण आहे. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे. मध्येच अडकत असेल, तर बेअरिंग खराब झाले आहे. टायरवरील चार आकड्यांत पहिले दोन आठवडा व नंतरचे दोन वर्ष दाखवतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. केवळ किलोमीटर जास्त म्हणून गाडी नाकारू नये. हमरस्त्यावर एका लयीत चाललेली गाडी गावातल्या धरसोडीपेक्षा कमी झिजते. ऑइल वेळेवर बदलले होते का, हे अधिक महत्त्वाचे. जादा दिव्यांसाठी कोणी तारा जोडल्या असतील, तर तेही तपासावे.

हे दोष गॅरेजात दुरुस्त होतात. कागदपत्रांचे दोष तेथे दुरुस्त होत नाहीत. म्हणून आर.सी.वरील चासिस व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. कर्जाची नोंद असेल, तर ती बँकेचे पत्र व फॉर्म ३५ देऊन आधी उतरवून घ्यावी. परराज्यात गाडी न्यायची असल्याने चंद्रपूरच्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र (फॉर्म २८) लागते, आणि नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३०. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे विकणाऱ्याने हस्तांतर कळवण्याची मुदत एकाच राज्यात १४ दिवस, तर परराज्यात ४५ दिवस आहे. घेणाऱ्यासाठी ती ३० दिवस आहे. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ राहणार असेल, तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. तेथील कराचा आकडा सौदा ठरवण्यापूर्वीच हिशेबात धरावा. विम्यावरील नाव बदलण्याचा अर्ज १४ दिवसांत करावा. नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईत अडचण येते.

‘घरचाच माणूस आहे, नाव नंतर करू’ असे म्हणून हे सारे टाळले जाते. अशाच हातोहात विकल्या गेलेल्या, पण नाव न बदललेल्या एका गाडीच्या अपघातात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नोंदवहीत नाव असलेल्या मूळ मालकालाच भरपाईसाठी जबाबदार धरले. गाडी त्याच्याकडे कित्येक दिवस नव्हती, तरीही! तेव्हा नाव बदलण्याचा आग्रह घेणाऱ्याने धरावा, तसाच विकणाऱ्यानेही धरावा. त्यात अविश्वास नाही; उलट नाते टिकवण्याचाच तो मार्ग आहे.

विद्यार्थिमित्रांनो, ‘एमएच ०९’ असो वा ‘केए २२’, आपल्या सीमेवरही नियम हेच आहेत. पूर्ण पैसे देण्यापूर्वी ना हरकत प्रमाणपत्र आणि सह्या केलेले फॉर्म हातात घ्यावेत, आणि मगच लांबच्या प्रवासाचा नकाशा उघडावा.