१७६६३१९०४९ : चाचपडून न सापडणारी संख्या
चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख सांगतो, की इथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ होता. त्यांच्या 'बीजगणिता'तलं एक कोडं: कोणत्या धन पूर्णांकाच्या वर्गाची ६१ पट करून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग येतो? सर्वांत लहान उत्तर २२६१५३९८०; येणारा वर्ग १७६६३१९०४९ चा. ६१ ऐवजी ६० घेतले तर ४ आणि ३१ वर भागतं, ६२ ला ८ आणि ६३ वर. मध्येच ही दहा आकडी उडी! म्हणजे पद्धतच हवी, आणि ती म्हणजे भास्कराचार्यांनी वापरलेली 'चक्रवाल'. संख्येची घडणही तेच सांगते: २९७१८ च्या वर्गात १ मिळवला की ३८०५ च्या वर्गाची ६१ पट होते, आणि त्याच २९७१८ च्या वर्गाची दुप्पट अधिक १ म्हणजे आपली संख्या. चक्रवाल त्यांच्याआधी जयदेवांनी मांडली, असं उत्तर नेहमी असतंच याची सिद्धता पुढे लाग्रांजने दिली, हे भास्कराचार्यांच्या श्रेयावरचे आक्षेप रास्तच. पण १६५७ मध्ये फर्माने हेच ६१ चं कोडं गणितज्ञांपुढे टाकलं, तेव्हा हे उत्तर पाचशे वर्षांहून जुनं होतं.