क्लासिक मोटरसायकल: वयाचा हिशेब आणि अस्सलपणाची कसोटी

मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत, गृहनिर्माण संस्थांच्या आवारात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या जुन्या मोटरसायकलींविषयी सर्वांत रूढ समज असा आहे, की पुरेशी वर्षे लोटली म्हणजे गाडी आपोआप ‘क्लासिक’ होते. वस्तुस्थिती अशी, की ‘क्लासिक’ या शब्दाची व्याख्याच भारतीय मोटार वाहन कायद्यात नाही. व्याख्या आहे ती ‘व्हिंटेज’ वाहनाची. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि चासी (म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा), बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न करता मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी वा मोटार व्हिंटेज ठरते. जुन्या वाहनांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, ‘फिवा’, वयाची अट 30 वर्षांवर ठेवतो. मात्र वाहन ऐतिहासिकदृष्ट्या अचूक अवस्थेत जतन केलेले असावे, रोजच्या वाहतुकीसाठी वापरात नसावे आणि तांत्रिक व सांस्कृतिक वारशाचा भाग असावे, अशी जोडही तो देतो. दोन्हीकडे वयाला मूळ स्वरूपाची जोड आहे, आणि नेमका हाच भाग बोलण्यातून गळून पडतो.

वयाचाच हिशेब मांडला तरी अनेक समजुती टिकत नाहीत. मुंबईच्या रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला उभारलेल्या आयडियल जावा कारखान्यातून 1961 मध्ये उत्पादन सुरू झाले, त्यामुळे तिथल्या पहिल्या जावा गाड्यांनी पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे. त्याच कारखान्याची येझदी मात्र 1973 पासूनची असल्याने तिच्या अगदी सुरुवातीच्या गाड्याच आज या मर्यादेपार गेल्या आहेत. एस्कॉर्ट्सची राजदूत 350 ही 1983 मध्ये आली आणि यामाहा आरएक्स 100 ही 1985 मध्ये, म्हणून ज्या दोन गाड्यांना उपनगरांतल्या तरुणांत सर्वाधिक मान आहे, त्यांपैकी एकही आज कायद्याने व्हिंटेज नाही. त्या क्लासिक मानल्या जातात त्या त्यांच्या कर्तृत्वामुळे, आणि ते मानणे योग्यच आहे.

नुसत्या दिसण्यावरूनही वय ठरत नाही, याचे ठळक उदाहरण बुलेट आहे. मद्रासजवळ 1955 पासून तयार होऊ लागलेल्या या गाडीची मूळ इंग्रज कंपनी, रॉयल एनफिल्ड, 1970 मध्ये बंद पडली, परंतु भारतातले उत्पादन अखंड चालू राहिले आणि ओतीव लोखंडी सिलिंडरचे इंजिन, उजव्या पायाचा गिअर व डाव्या पायाचा ब्रेक, हेडलाइटच्या दोन्ही बाजूंचे छोटे पायलट दिवे ही ठेवण कित्येक दशके जवळपास तशीच राहिली. परिणामी 1965 ची आणि 1990 ची बुलेट शेजारी उभी केल्यास अनभिज्ञ माणसाला त्यांतला फरक सहजी कळत नाही. त्यासाठी चासीवरचा क्रमांक आणि आरसी बुकातील नोंद यांकडेच वळावे लागते. याच्या उलट बाजूचा गोंधळ नव्या गाड्यांच्या नावांमुळे होतो. 2009 मध्ये बाजारात आलेल्या रॉयल एनफिल्डच्या मॉडेलचे नावच ‘क्लासिक’ आहे, आणि 2018 मध्ये जावा हे नाव पुन्हा आले तेव्हा टाकीची गोलाई जुन्या गाडीची असली तरी इंजिन पाण्याने थंड होणारे फोर-स्ट्रोक होते, तर म्हैसूरची जावा हवेने थंड होणारी टू-स्ट्रोक होती. नव्या गाड्या वाईट आहेत असे यातून सुचवायचे नाही. जुने रूप धारण केलेली नवी गाडी आणि त्या काळातून आलेली गाडी यांत भेद राखणे आवश्यक आहे, एवढेच.

कायद्याविषयीचे दोन गैरसमज प्रत्यक्ष नुकसान करतात. पहिला असा, की 15 वर्षांवरील गाडी मुंबईत चालवता येत नाही आणि ती भंगारात घालण्यावाचून गत्यंतर नसते. 15 वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरचे न्यायालयीन निर्बंध दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी परिसरासाठी घालण्यात आले. महाराष्ट्रात 15 वर्षांनंतर वाहनाची तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि ते पाच-पाच वर्षांसाठी मिळते. ज्या आरटीओत गाडीची नोंद आहे, मग ते अंधेरीचे असो, बोरिवलीचे असो वा पूर्व उपनगरांसाठीचे वडाळ्याचे, तिथे ही प्रक्रिया होते. दुसरा गैरसमज असा, की पन्नाशी उलटलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी घेतली की ती मोकळेपणी फिरवता येते. वास्तवात ही नोंदणी ऐच्छिक असून तिने मुभा वाढत नाही, आक्रसते: अशी गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, नेहमीच्या वा व्यावसायिक वापरासाठी नाही. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती 10 वर्षे वैध राहते. आधी नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. ज्याला आपली जुनी जावा रोज घाटकोपर स्थानकापर्यंत न्यायची आहे, त्याने साधी नोंदणी वेळेवर नूतनीकृत करणे हेच शहाणपणाचे ठरते.

किंमत, आकार आणि ताकद यांवरून गाडीचा दर्जा ठरतो, ही समजूतही तपासून पाहावी लागते. राज कपूर यांचा ‘बॉबी’ हा चित्रपट 1973 मध्ये प्रदर्शित झाला आणि त्यात झळकलेली छोट्या चाकांची राजदूत जीटीएस ‘बॉबी’ याच नावाने ओळखली जाऊ लागली. 175 सीसीच्या या गाडीचे महत्त्व लोकस्मृतीत आहे, वेगात नाही. हिरो होंडा सीडी 100 दिसायला अगदी साधी, पण 1985 मध्ये आलेल्या या फोर-स्ट्रोक गाडीने भारतीय मध्यमवर्गाचा मोटरसायकलीकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला, आणि तरीही तिला जपण्याचा विचार फार थोड्यांच्या मनात येतो, ही खेदाची बाब आहे. मोटरसायकल नसली तरी मुलुंडच्या शेजारी भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या कारखान्यात तयार झालेल्या लॅम्ब्रेटा स्कूटरचाही उल्लेख येथे करायला हवा, कारण उपनगरांच्या स्वतःच्या औद्योगिक इतिहासाचा इतका थेट पुरावा दुसऱ्या दुचाकीत क्वचितच सापडेल.

सर्वांत मोठे आणि भरून न येणारे नुकसान होते ते ‘रिस्टोरेशन’ या नावाखाली. गाडी पूर्ण सोलून, नवा झगझगीत रंग देऊन, मिळेल त्या भागाला क्रोमचा मुलामा चढवला म्हणजे ती पूर्ववत झाली, असे मानले जाते. फिवाची ट्युरिन सनद मात्र जतन, संवर्धन आणि पुनर्स्थापना या तीन गोष्टी वेगळ्या मानते आणि आहे ते टिकवण्याला गमावलेले नव्याने घडवण्यापेक्षा वरचे स्थान देते. 1960 च्या दशकातील जावा जवळून पाहिली म्हणजे यामागचे कारण उमगते. तिच्या टाकीच्या बाजूंना क्रोमचे पत्रे, त्यांच्या कडेने हाताने ओढलेल्या बारीक रेषा आणि गुडघे टेकण्यासाठी रबरी पॅड असतात. वेगमापक हेडलाइटच्या आवरणातच बसवलेला असतो. किक आणि गिअर यांसाठी एकच दांडा असून तो आत दाबून वर फिरवला की किक होतो, आणि गिअर बदलताना तोच दांडा क्लचही सोडवतो. कारागिराच्या हाताने ओढलेली ती रेषा एकदा घासून काढली, की तिच्या जागी येणारी नवी रेषा कितीही सुबक असली तरी ती आजची असते. अशीच गोष्ट सुट्या भागांची आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील जुन्या स्पेअरच्या बाजारात चिकाटीने शोधलेला, थोडा झिजलेला कंपनीचा भाग हा चकचकीत डुप्लिकेट भागापेक्षा गाडीशी अधिक प्रामाणिक असतो. अर्थात ब्रेक, टायर, वायरी यांसारख्या सुरक्षेच्या भागांत अस्सलपणाचा हट्ट धरू नये.

बॉबर किंवा कॅफे रेसर (म्हणजे कापून-छाटून दिलेले नवे रूप) करण्यासाठी जुन्या बुलेटची चासी कापणे, हा प्रकार तर क्लासिकपणाच्या नेमका विरुद्ध आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली तो बेकायदाही ठरतो. टू-स्ट्रोक गाडीने निळा धूर ओकलाच पाहिजे, ही समजूतही चुकीची आहे. या इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच जळत असल्याने थोडा धूर स्वाभाविक असला, तरी दाट धूर म्हणजे तेलाचे प्रमाण किंवा कार्बोरेटर बिघडल्याची खूण असते.

अस्सलपणाचा अखेरचा आधार कागद आणि क्रमांक हाच आहे. इंजिन व चासी यांवर ठोकलेले क्रमांक आरसी बुकाशी जुळत असतील, तर गाडीचा मूळ वंश सिद्ध होतो. इंजिन बदललेले असेल आणि त्याची नोंद झालेली नसेल, तर मूल्यही घटते आणि हस्तांतरणही अडते. नोंदणीचा ‘एमएच’पूर्वीचा जुना क्रमांक, पहिल्या खरेदीची पावती, जुने विमापत्र आणि दुरुस्ती करताना उतरवलेले मूळ भाग हे सर्व गाडीबरोबरच जपून ठेवावे. उपनगरांतल्या खाऱ्या, दमट हवेत उभी राहिलेली टाकी आतून गंजते, आणि आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत मिसळले जाणारे इथेनॉल हवेतली आर्द्रता शोषून घेते व जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर यांना कमकुवत करते. म्हणून पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवणे आणि इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवणे ही तिच्या जतनाची पहिली पायरी ठरते.