नव्या वास्तूचा आहेर

अक्षय्य तृतीयेस शेवगावी एका तरुण स्नेह्याच्या गृहप्रवेशाचे निमंत्रण आले आणि आहेर काय न्यावा, या विचारात आम्ही पडलो. वडिलांचे सारे आयुष्य भाड्याच्या खोल्यांत गेलेले; कुळातील हे पहिलेच स्वतःचे घर, तेही कर्ज काढून उभारलेले. तेथे शोभेची वस्तू नेणे मनास येईना. भिंतीवरची घड्याळे तर अशा प्रसंगी चार-पाच जमतातच!

समई सुचली, परंतु ती सुनेच्या माहेरहून यावयाची होती. श्रीज्ञानेश्वरी न्यावी, तर ती मातोश्रींच्या नित्यपाठात होतीच. शके १२१२ मध्ये जेथे हा ग्रंथ सिद्ध झाला, ते नेवासे शेजारच्याच तालुक्यात. तो नसलेले घर इकडे शोधावेच लागेल.

अखेर तिथीनेच मार्ग दाखविला. साडेतीन मुहूर्तांपैकी या दिवशी उदककुंभदानाचे माहात्म्य शास्त्राने सांगितले आहे. त्यात वैशाखाचा ताप आणि शेवगावचा अवर्षणप्रवण मुलूख! १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडीचा नाथसागर या तालुक्यापर्यंत पसरला आहे खरा, तरी भरल्या घागरीचे मोल येथील गृहिणीस कोणी सांगावे लागत नाही.

आम्ही तांब्याची घागर नेली, झाकण व पेल्यासह. मातोश्रींनी ती भरून उंबऱ्याच्या आत तिवईवर ठेवली आणि पहिला पेला, आम्हा पाहुण्यांना थांबवून, घर बांधणाऱ्या गवंड्याच्या हाती दिला.